साडेतीनशे यार्ड

रॅन्स मेब्री पहिल्यांदा आमच्या गोल्फच्या मैदानावर आला त्या दिवशी त्याने सरावाच्या पट्ट्याच्या टोकाला लावलेल्या जाळीवरून सलग अकरा चेंडू पलीकडे घातले. पलीकडे बाप्टिस्ट चर्चची गाड्या लावायची जागा आहे. बुधवार होता, प्रार्थनेला माणसं जमायची वेळ. बारावा चेंडू मारायच्या आधी मी जाऊन त्याच्या हातातली काठी धरली.

"काचा फुटतील लोकांच्या," मी म्हणाले.

"सॉरी, मॅडम. पण जाळी जरा जवळच लावलीय तुम्ही."

"तीस वर्षं तिथेच आहे ती जाळी. आजवर कुणी तिच्यावरून मारला नाही."

"तेच तर सांगतोय," तो म्हणाला.

मागे चाळीसेक माणसं उभी होती, प्रत्येकाच्या हातात फोन. सगळी खो खो हसली. मैदानाचा मालक व्हर्नन ॲस्क्यू तर उकडलेल्या शेंगांचं पातेलंच बाहेर घेऊन बसला होता. एरवी बुधवारी चार गिऱ्हाइकं नसतात त्याच्याकडे. माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझ्या अंगणात येऊन माझ्याच जाळीची टिंगल.

माझं नाव लोर्ना टिडवेल. वेक्रॉस गावात मला सगळे ओळखतात ते जवळचे फटके शिकवणारी म्हणून. चेंडू वाळूत रुतलाय, हिरवळीच्या काठावर अडकलाय, होलवरचा झेंडा वीस पावलांवर आहे, तिथे मी कामाची. त्याआधी अकरा वर्षं मी व्यावसायिक स्पर्धा खेळले. माझा सगळ्यात लांब फटका सव्वादोनशे यार्ड जायचा, पण जायचा तो दोरी आखल्यासारखा सरळ. तीनदा दुसरी आले, पहिली कधीच नाही. काठ्या बनवणारी एक कंपनी माझा खर्च उचलायची, तिचा माणूस एका सकाळी न्याहारीच्या टेबलावर येऊन मला म्हणाला, "लोर्ना, तू सरळ मारतेस गं, पण सरळ बघायला कोण येतं?" आणि माझ्या जागी त्यांनी एकोणीस वर्षांची एक मुलगी घेतली. ती लांब मारायची. दोन वर्षांत तिचं नावही कुणाच्या लक्षात राहिलं नाही. माझंही राहिलं नाही, हा भाग वेगळा.

तेव्हापासून माझं मत पक्कं होतं. ही लांब मारणारी पोरं म्हणजे दिवाणखान्यात बांधलेले घोडे. बघायला छान, कामाला शून्य. वर्गात सांगायचे, चर्चच्या जेवणात सांगायचे, कुणी विचारलं नाही तरी सांगायचे.

रॅन्स तेवीस वर्षांचा. गावाच्या पाण्याच्या टाकीवरून चेंडू मारतानाचा त्याचा व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला होता. पण मुख्य मालिकेच्या खालची जी दुसऱ्या फळीची मालिका असते, तिच्यात वर्षभर खेळून बावीस स्पर्धांपैकी पंधरांत तो दुसऱ्याच दिवशी बाहेर पडला होता. तिथली जागाही गेली होती. आता नोव्हेंबरमध्ये पात्रता फेरी खेळून परत आत शिरायचं, नाहीतर बापाच्या धंद्यात छपरं घालायची.

गर्दी पांगल्यावर तो माझ्याकडे आला. टोपी हातात.

"शंभर यार्डांच्या आत मी गाढव आहे," तो म्हणाला. "तुम्ही गाढवांना शिकवता असं ऐकलं."

"शिकवते. पण गाढवाने ऐकायला लागतं."

"ऐकेन."

"बारा आठवडे. आणि ती मोठ्या डोक्याची काठी, तो तुझा ड्रायव्हर, माझ्या गाडीत कुलपात राहील. मी देईन तेव्हाच मिळेल."

त्याचा जबडा घट्ट झाला. पण हो म्हणाला.

बारा आठवडे आम्ही भांडलो. दुसरा शब्द नाही त्याला. सकाळी सात वाजता मी त्याला घोड्यांच्या पाणी प्यायच्या जुन्या टाकीत तीस यार्डांवरून चेंडू टाकायला लावायचे. शंभरातले साठ आत पडल्याशिवाय जेवण नाही. पहिल्या दिवशी नऊ पडले. चौथ्या दिवशी त्याने हातातली काठी गरगरा फिरवून तळ्यात फेकली.

"काढून आण," मी म्हणाले.

"मगर आहे त्यात!"

"छोटी आहे. आण."

कमरेपर्यंतच्या गढूळ पाण्यात शिव्या घालत उतरला, आणि काठी घेऊन आला. त्या दिवशी एकतीस पडले. रागावला की त्याचे हात सैल पडायचे, ही गोष्ट मला तेव्हा कळली. मग मी त्याला मुद्दाम चिडवायला लागले. ते सोपं होतं. मीही चिडलेलीच असायचे.

त्याचा बाप ड्वाइट रोज दुपारी यायचा. छपरावरून पडून त्याचा डावा गुडघा कामातून गेला होता. घडीची खुर्ची टाकून सावलीत बसायचा, थंड गोड चहाचा मोठा पेला मांडीत धरून, आणि तिथून बोलायचा.

"मिस लोर्ना, देवाने पोराला इंजिन दिलंय. तुम्ही त्याला पायी चालवताय."

"इंजिन दिलंय, ब्रेक द्यायचे राहिले. ते मी बसवतेय."

"ब्रेक लावून कुणी शर्यत जिंकलंय का?"

"ब्रेक न लावता घरी पोचलंय का कुणी?"

रॅन्स मान खाली घालून चेंडू मारत राहायचा. एकदाच तो मध्ये पडला. सप्टेंबर संपत आला होता.

"मॅडम, एक विचारू? आज जगातले पहिले वीस खेळाडू काढा. त्यांत तुमच्यासारखं आखूड मारणारा एक तरी दाखवा. एक."

मला नाव सुचेना. खरंच सुचेना. जे सुचलं ते पंधरा वर्षांपूर्वीचं होतं.

"मग जा ना त्यांच्यात," मी म्हणाले. "कोणी धरून ठेवलंय?"

"तुम्हीच. बारा आठवडे."

ड्वाइट खुर्चीत मागे रेलून हसला. मी चेंडूंची बादली पालथी केली आणि रॅन्सला म्हटलं, वेच. त्याने वेचले. ऑक्टोबर अर्धा सरला तोवर शंभरातले सत्तर टाकीत पडायला लागले. त्याचे ते राकट हात हिरवळीच्या काठावर असे हळुवार चालायला लागले, की मी पाठ फिरवून उभी राहायचे. कौतुक तोंडावर दिसू नये म्हणून.

पात्रता फेरी अलाबामात होती, डोथनजवळ. चार दिवस, रोज अठरा होलांची एक फेरी, आणि सगळ्यात कमी फटके लागलेले पहिले सोळा पुढे जाणार. त्याची काठ्यांची पिशवी मीच उचलणार असं ठरलं. मैदान मला माहीत, त्याचं डोकं मला माहीत.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी त्याने ड्रायव्हर मागितला, मी दिला, आणि दोन चेंडू झाडांत असे गेले की सापडले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्याने माझं ऐकलं. छोट्या काठीने सुरुवात, मग जवळचे फटके. त्या दिवशी फक्त दोघेच त्याच्याहून चांगले खेळले. तो आठव्या जागेवर आला.

संध्याकाळी तिघं जेवायला बसलो. तळलेला मासा, कोबीची कोशिंबीर. रॅन्स म्हणाला, "उद्या चौदाव्या आणि अठराव्या होलला ड्रायव्हर मारणार."

"बघू," मी म्हणाले.

"बघू नाही, मॅडम. मारणार."

सकाळी वारा होता. पाइनची झाडं वाकत होती, झेंडे फडफडत होते. मी मनात हिशेब केला: अशा वाऱ्यात सगळेच घसरणार. ह्याने नुसते ठरलेल्या फटक्यांत होल पुरे केले, एकही जास्त नाही, एकही कमी नाही, तरी पहिल्या सोळांत आरामात राहील. धोका फक्त एकाच गोष्टीचा होता, आणि ती पिशवीत होती.

सरावाचे फटके मारून तो हात धुवायला गेला. गाडी वीस पावलांवर होती. मी ड्रायव्हर काढला, गाडीत ठेवला, कुलूप लावलं. पिशवी रिकामी दिसू नये म्हणून त्या काठीवरचं लोकरीचं टोपडं माझ्या छत्रीच्या मुठीवर चढवलं.  बरं वाटलं. शाळेत जाणाऱ्या पोराच्या दप्तरातून चाकू काढून घेतल्यासारखं.

पहिले होल अरुंद होते, तिथे त्याला ड्रायव्हर नकोच होता. तेरा होल तो अगदी माझ्या मनासारखा खेळला. ठरलेले फटके, एकही जास्त नाही. वारा मात्र दहाच्या सुमाराला पडला. पान हलेना. आणि ऊन आलं.

तेराव्या होलच्या मागे गुणफलक होता. त्याने तो वाचला, मग मीही वाचला. वारा पडल्यावर सगळ्यांनी फटके वाचवले होते. आम्ही आठव्यावरून एकविसाव्या जागेवर आलो होतो. सोळाव्या जागेपासून तीन फटके लांब, आणि उरले होते पाच होल.

"ठीक आहे," रॅन्स म्हणाला. आवाज शांत होता. "आता चौदावा."

चौदावा होल लांबलचक, पाच फटक्यांचा. ज्याच्या अंगात ताकद आहे त्याने दोनातच हिरवळ गाठावी असा. तो माझ्याजवळ आला, टोपडं ओढलं. हातात छत्रीची मूठ आली.

तो तिच्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे.

"काठी कुठाय?"

"गाडीत."

"राहिली?"

खोटं बोलायला जागा होती. हो म्हणाले असते तर विसरभोळी म्हातारी म्हणून सुटले असते.

"मी ठेवली," मी म्हणाले. "सकाळी."

"का?"

"सकाळी वारा होता. मला वाटलं, ती नसली तर तुला मोह..."

"चावी दे."

बारा आठवड्यांत त्याने मला कधी एकेरी हाक मारली नव्हती. तळ्यात उतरतानाही नाही.

"रॅन्स, ऐक..."

"चावी दे म्हणतोय ना!"

सोबतचा खेळाडू आपले बूट न्याहाळत उभा राहिला. पंच आले, त्यांनी नियम सांगितला: सुरुवातीला एक काठी कमी होती, ती आता आणली तरी चालेल, पण खेळ थांबणार नाही. गाडी पाऊण मैल मागे होती. मी चावी पुढे केली. रॅन्सच्या आधी, सकाळपासून आमच्या मागोमाग लंगडत आलेल्या ड्वाइटने ती माझ्या बोटांतून ओढून घेतली आणि तो माणूस, त्या गुडघ्याने, पळत सुटला.

चौदाव्याला रॅन्स छोट्या काठीने खेळला. दोनात पोचणं शक्यच नव्हतं. तिसऱ्यात पोचला, दोनदा हळूच ढकलून होलात घातला. ठरलेले पाच. काहीच वाचलं नाही. पंधरावाही तसाच. माझ्याशी एक शब्द नाही. मी काठी पुढे केली की तो तिच्याकडे न बघता पिशवीतून स्वतः दुसरी काढायचा. मी नुसती हमाल होते.

सोळाव्याच्या सुरुवातीला झाडांमधून ड्वाइट आला. शर्ट अंगाला चिकटलेला, चेहरा विटेसारखा लाल, डावा पाय अक्षरशः ओढत. ड्रायव्हर खांद्यावर. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही.

"धर, पोरा," म्हणाला, आणि तिथेच गवतावर बसला.

सोळावा होल तीनशे चाळीस यार्डांचा, चार फटक्यांचा. वळणाचा आहे. वळणात उंच पाइन उभे. सगळे वळसा घालतात. रॅन्सने झाडांच्या शेंड्याकडे बघितलं आणि मारला. तसा आवाज मी त्या बारा आठवड्यांत ऐकला नव्हता, कारण ऐकूच दिला नव्हता. चेंडू शेंड्यांवरून गेला आणि हिरवळीच्या काठाला जाऊन थांबला. तिथून त्याने जो हळुवार फटका मारला तो माझा होता. मनगट, खांदा, पायावरचं वजन, सगळं टाकीजवळ घोटलेलं. चेंडू झेंड्याजवळ वीतभर अंतरावर राहिला. एक फटका वाचला.

सतरावा साधा. अठरावा पुन्हा पाच फटक्यांचा. ड्रायव्हरने साडेतीनशे यार्ड, मग एक उंच फटका, चेंडू हिरवळीवर, होलपासून चार पावलं. आत गेला असता तर दोन फटके वाचले असते आणि आम्ही सोळांत आलो असतो. चेंडू होलच्या ओठावर फिरला, आणि बाहेर राहिला. त्याने तो सरळ करून आत टाकला. एकच वाचला.

एका फटक्याने गेलो. चौदाव्यावरचा तो एक.

गुणपत्रकावर सही करून तो गाडीजवळ आला तेव्हा मी पिशवी घेऊन उभी होते. मला वाटलं ओरडेल. ओरडायला हवं होतं. मीही ओरडले असते मग.

"तुला मी हरायला नको होतो, हे कबूल," तो म्हणाला. "पण मी जिंकायलाही नको होतो. तुला तू जिंकायला हवी होतीस. माझ्या हातांनी."

"मी तुझ्या भल्यासाठी..."

"गप. एवढं तरी कर."

त्याने पिशवी माझ्या खांद्यावरून काढून घेतली. ड्वाइट लंगडत मागून आला. तो मात्र थांबला.

"मिस लोर्ना, मी तुम्हाला हट्टी समजत होतो. हट्टी माणूस चालतो मला, मी स्वतः हट्टी आहे. पण छत्रीवर टोपडं?" त्याने मान हलवली. "ते कसं सुचतं माणसाला?"

वेक्रॉसपर्यंतच्या रस्त्यावर मी मोठमोठ्याने बोलत गाडी चालवली. आधी त्याच्यावर चिडले, कृतघ्न म्हणून. मग बापावर. मग त्या न्याहारीच्या टेबलावरच्या माणसावर, जो कदाचित मेलाही असेल. अलाबामाची हद्द मागे पडून बराच वेळ झाला तरी माझी बडबड चालूच होती. मग मी गप्प झाले. कारण उरलेली एकच व्यक्ती गाडीत होती.

पुढे महिनाभर मी लोकांना सांगत फिरले, की ड्रायव्हर असता तर चेंडू झाडांतच गेला असता. एके दिवशी व्हर्ननने शेंगा सोलता सोलता विचारलं, "पण सोळाव्याला आणि अठराव्याला होता ना गं? तेव्हा गेला का झाडांत?"  त्यानंतर ते सांगणं मी बंद केलं. रॅन्सला पत्र लिहिलं. 'मी चुकले' हे दोन शब्द लिहायला मला तीन कागद लागले; पहिल्या दोनांत त्यांच्यापुढे 'पण' आला होता. उत्तर आलं नाही.

तो हिवाळा त्याने छोट्या छोट्या स्पर्धांत काढला. पुढच्या नोव्हेंबरमध्ये पात्रता पार केली, प्रत्येक लांब होलला ड्रायव्हर मारून. पिशवी ड्वाइटने ओढली म्हणे, चाकांच्या गाडीवर ठेवून. वर्षभराने तो मुख्य मालिकेत होता. गेल्या मार्चमध्ये एका मोठ्या स्पर्धेत तिसरा आला. जगात एकेचाळिसावा आहे आज. पहिल्या दहांत जाईल का? टीव्हीवरचे लोक रोज भांडतात त्यावर. एक म्हणतो नुसती ताकद आहे, दुसरा म्हणतो हात बघा त्याचे, असे हात लांब मारणाऱ्यांत नसतात. एकाने त्याला विचारलंच, जवळचे फटके कुणी शिकवले म्हणून.

"एका बाईंनी," रॅन्स म्हणाला. "पुढचा प्रश्न."

मैदानावरच्या व्हर्ननच्या दुकानात टीव्ही बघत बसलेले सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. मी कॉफीचा कप आपटून बाहेर गेले. इतका राग आला मला. नाव घ्यायला काय झालं होतं? आणि घेतलं असतं तर त्याच्यामागे दुसरंही सांगावं लागलं असतं, हे कळत होतं, म्हणून आणखी राग आला.

मे महिन्यात एका गुरुवारी सकाळी फोनवर एक व्हिडिओ आला. वाळूच्या खड्ड्यातून रॅन्स चेंडू काढतोय, तीनदा, आणि तिन्ही वेळा चेंडू हिरवळीच्या पलीकडे उडतोय. खाली एवढंच लिहिलेलं: 'का?'

ना नमस्कार, ना काही. अडीच वर्षांनी.

मी तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला. मग लिहिलं: 'वजन मागच्या पायावर जातंय. आणि पत्र मिळालं का?'

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. 'मिळालं. मी अजून तुमच्याशी बोलत नाही.'

'नको बोलूस. दुसरा व्हिडिओ पाठव, बाजूने काढलेला.'

दहा मिनिटांत आला. त्यात पाय नीट होता पण खांदा बिघडला होता, आणि हे मी त्याला पूर्वी हजार वेळा सांगितलं होतं. मी तसंच लिहिलं, जरा कडक शब्दांत. त्याने त्याहून कडक शब्दांत उत्तर दिलं. दुपारचा माझा वर्ग बाहेर ताटकळत उभा होता, आणि मी आत बसून दोन अंगठ्यांनी त्या पोराशी भांडत होते.